हौशीरामचा मध

साल एकोणीसशे सात. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि मला अकरावं चालू होतं. त्या शनिवारी दिवेलागणीला मी जुन्नरला पोपटलाल शेठच्या घरी पाहुणी म्हणून गेले आणि रविवारी तिसऱ्या प्रहरी तिथून निघाले. मोजायला गेलं तर पुरता एक दिवसही नाही. त्याला आता बासष्ट वर्षं झाली. परवा सूनबाईनं खोकल्याचं चूर्ण मधात कालवलं आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला, तेव्हा माझे दात आपोआप मिटले. "आई, गोड आहे हो," लहान मुलाला सांगावं तशी ती म्हणाली. मी मान फिरवली. चमचा कलंडला आणि एक थेंब चादरीवर पडला. तो पसरला नाही, तिथंच फुगून बसला, खिडकीतला उजेड पोटात घेऊन. खाली रस्त्यावर रॉकेलवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी पाटावरवंटा ओढत होतं, आणि मी त्या थेंबाकडे बघत राहिले. "आवडत नाही का तुम्हाला? इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत," सूनबाई म्हणाली. आवडत नाही असं नाही. मला मधाची चव आठवतच नाही. आठवतं ते त्याचं वजन. गाडगं कडेवर घेऊन महाळुंग्यापासून जुन्नरपर्यंत चालले होते मी, आणि हात बदलायला गेलं की आतला मध सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकायचा, झोपलेल्या मुलानं कूस बदलावी तसा.

आम्ही महाळुंगे पडवळचे धनगर. थोडी जमीन होती, पण खरं घर मेंढरांवर चाले. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, हलायचा, घाट उतरून कोकणात जायचा, तो ज्येष्ठापर्यंत. गावच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले ती त्या वर्षांत आजीजवळ मागं राहिले म्हणून. आजी त्या पावसाळ्यात वारली. मागं राहायला घर उरलं नाही. सावळेराम मास्तर एके दिवशी आमच्या ओट्याशी येऊन उभे राहिले आणि बाला म्हणाले, "बहिरू, तुझी गजरा पुढं शिकली तर मास्तरीण होईल. पंधरा रुपये पगार सरकार देतं." बा हसला. "मास्तर, मेंढराला पायताण घालू नये. ते चालायचं इसरतं." पण मास्तरांनी पिच्छा सोडला नाही. जुन्नरचे पोपटलाल शेठ आमची लोकर घ्यायचे. त्यांची मुलगी तिथल्या मुलींच्या शाळेत पाचवीत बसणार होती. तिला सोबत हवी होती. मास्तरांनी शेठना गळ घातली आणि शेठ म्हणाले, पाठवून तर द्या, शनिवार-रविवार राहू दे, आमच्या घरच्यांचं नि तिचं जमतं का बघू, सोमवारी नाव घालू. आईनं तेवढ्यावर माझी वेणी अशी घट्ट घातली की भुवया वर ओढल्या गेल्या. जमलं तर शाळा. नाही जमलं तर मंगळवारी वाडा हलायचाच होता आणि माझ्या हातात पाटीऐवजी पीठ मळायची काटवट येणार होती. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण घरात ज्या रीतीनं दोन गाठोडी बांधली जात होती, एक जुन्नरसाठी आणि एक कोकणासाठी, दोन्हीत माझंच लुगडं घडी करून, त्यावरून मला कळलं होतं.

मध हौशीरामनं काढला. हौशीराम माझा थोरला भाऊ, सोळा वर्षांचा. तो म्हणाला, "मोठ्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नगं गजरे. त्यांच्याकडं साखर असंल, गूळ असंल, पर कड्यावरचा मध कुठनं असनार?" डोंगराच्या कड्याला आग्या मोहोळ लोंबत होतं. गावात कुणी तिकडं जात नसे. धूर करून, घोंगडं पांघरून तो दोर सोडून उतरला. मी खाली गाडगं घेऊन उभी होते. मला आठवतं ते असं: आधी वर धूर, मग धुरातून एक काळा पदर सुटल्यासारखा माशांचा लोट, मग त्याचा आवाज, "झेल!", आणि दोराला बांधलेली परडी हळूहळू खाली आली. परडी नीट आली. तो नीट आला नाही. शेवटची दोन पुरुष उंची तो नुसताच आला. उजवा पाय घोट्यापाशी असा फिरला होता की तळवा आकाशाकडे होता. तोंड सुजून डोळे दिसेनासे झालेले, आणि त्या सुजलेल्या तोंडातून पहिला शब्द काय, तर "सांडला न्हाई न्हवं?" हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. आईनं मध फडक्यातून दोनदा गाळला, गाडग्याच्या तोंडाला मेण लावलं. आम्ही कुणी बोट बुडवून चाखलासुद्धा नाही. तो जुन्नरचा होता.

पहाटे निघालो. बाच्या बरोबर लोकरीची गाठोडी लादलेलं गाढव होतं. नारायणगावला मीनेच्या काठी भाकरी खाल्ली. माझी भाकरी संपली तेव्हा बानं त्याची अर्धी दिली. मी म्हटलं, नको, तिकडं जेवायचंच आहे. आईनं मला पाहुणी म्हणून कसं वागायचं ते शिकवलं होतं. "पयल्यांदा इचारलं की न्हाई म्हनायचं. दुसऱ्यांदा इचारलं की लाजायचं. तिसऱ्यांदा इचारलं की बसायचं. पयल्यांदाच व्हय म्हनलीस तर म्हनतील, धनगराची पोर, वखवखलेली." आमच्याकडे सगळे असेच विचारत आणि सगळे असेच जेवत. ही सगळ्या जगाची रीत आहे असं मला वाटत होतं. पुढं मी पुष्कळ घरं पाहिली, पुण्यात तर एकेका माळ्यावर चार रीती पाहिल्या. पण त्या दिवशी माझ्याजवळ एवढी एकच होती आणि मी ती जपून नेली, गाडग्यासारखी.

जुन्नरची गल्ली लागली तेव्हा सूर्य बुडाला होता. शेठचं घर बाजारात, खाली दुकान, मागं राहतं घर, त्याच्या मागं परस. ओट्यावर शेठ स्वतः आले. गोरे, कानात भिकबाळी नाही पण मोत्याची जोडी, आवाज इतका मऊ की बाला दोनदा विचारावं लागलं. "अरे ये बहिरू, उशीर केलास." बा ओट्याच्या खालीच उभा राहिला. तो नदीकाठी आमच्या भाऊबंदांच्या पालावर उतरणार होता. "उद्या बाजार उरकला की येतो, शेठ. पोरगी रमली का बघतो अन् जातो." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पावणं, नीट ऱ्हावा." आणि गेला. मी आत गेले. शेठाणी सुंदरबाई दिव्याची काच पुसत होत्या. काच बसवून, ज्योत झाकली गेली ना हे पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा चांगला होता. हसल्याही. "दमलीस ना बेटा? जेवून आलीस का?" मी म्हटलं, "व्हय." आणि उभी राहिले, दुसऱ्यांदा विचारतील म्हणून. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि त्यांना खरोखरच हायसं वाटलेलं मला दिसलं. चूल थंड होती. भांडी घासून पालथी घातली होती. माझ्या वयाची मुलगी, मंगला, दारामागून बघत होती. मी लाजण्याची तयारी करून उभी होते. कुणी काही विचारलं नाही. सूर्य बुडाल्यावर त्या घरात पाण्याचा घोटही कुणी घेत नसे आणि कुणाला देतही नसत, ही त्यांच्या जैन धर्माची शिस्त. आज मला ती ठाऊक आहे. त्या वेळी मला एवढंच कळलं की इथं एकदाच विचारतात.

मग मी गाडगं पुढं केलं. "हे काय आणलंस?" सुंदरबाईंनी हात पुढं केलेला होता. मी म्हटलं, "मध. माज्या भावानं काढलाय. कड्यावरचा." त्यांचा हात मागं गेला. झटकन नाही, गेला एवढंच, तवा तापला आहे हे आठवावं तसा. त्या आत बघून कुणाला काहीतरी मारवाडीत म्हणाल्या. आतून एका बाईचं "अरे राम" ऐकू आलं. मग माझ्याकडे वळून, तेच चांगलं हसू चेहऱ्यावर ठेवून म्हणाल्या, "परसात ठेव हं बेटा. कोनाड्यात. आत नको." मी ठेवलं. मंगला मागोमाग आली होती. ती कुजबुजली, "आम्ही मध खात नाही. शिवत पण नाही." "का?" "पाप लागतं." "कुनाला?" "लागतं, बस." मी अंधारात गाडग्याकडे बघत होते. मधाला कसलं पाप? चोरी नव्हती, लबाडी नव्हती. माझ्या मनात आलं, मधाला नसेल, आम्हाला असेल. आमच्या हातचं असेल. ते बोलून दाखवत नाहीत, भली माणसं आहेत. त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. अंथरूण मऊ होतं, पोटात खड्डा होता, आणि मला मेंढरांच्या वासाशिवाय झोप येत नाही हे मला पहिल्यांदा कळलं.

सकाळ मात्र चांगली गेली. इतकी चांगली की पुढं कित्येक वर्षं मी तिला हात लावला नाही, ठेवणीतल्या वस्त्रासारखी. ऊन वर आल्यावर सुंदरबाईंनी ताटात फुलके वाढले, तूप, गूळ, आणि वाढताना माझ्या हातावर हात ठेवून, "अजून एक, माझ्या गळ्याची शपथ," असं म्हणत राहिल्या. चारदा विचारलं त्यांनी! मी मोजलं. एका रात्रीत या बाईला काय झालं ते मला समजेना, पण मी खात होते. पोपटलाल शेठनी मंगलाचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. मंगला बोट ठेवून वाचत असे; मी बोट न ठेवता वाचलं, पान उलटलं, पुढचंही वाचलं. शेठनी चष्मा काढला. "मंगला, ही तर तुला शिकवील ग." मंगला फुरंगटली नाही. तिला मेंढरांचं वेड लागलं होतं. "तुमच्या मेंढ्यांना नावं असतात?" "असत्यात की. ढवळी, काजळी, बोबडी. एकीचं नाव शेठानी." "शेठाणी का?" "लई जाड हाय. अन् कुनी हाळी घातली तर वळून बगत न्हाई." बोलून गेले आणि जीभ चावली. मग सुंदरबाई अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "ऐकलंत का हो? मी मेंढी झाले!" शेठही हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मला वाटलं, जमलं. उद्या नाव घालणार. मला शाळेची पायरीसुद्धा दिसली. अजून मी ती पाहिली नव्हती, तरी दिसली.

त्या घरात न हसलेलं एकच माणूस होतं, शेठची विधवा बहीण कस्तुरबाई. तिला सगळे भुवाजी म्हणत. रात्रीचं "अरे राम" तिचं होतं. पन्नाशीची, वाळलेली, पांढऱ्या लुगड्यातली. फुलके झाल्यावर ती परसात निघाली तशी मी मागोमाग गेले. हातात वाटी होती, वाटीत पीठ, साखर, चार थेंब तूप. लिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांचं घर होतं. भुवाजी उकिडवी बसली आणि त्या भोकाभोवती चिमटीनं पीठ सोडू लागली, रांगोळीसारखं. "काय करतासा?" मी विचारलं. ती वर न बघता म्हणाली, "जेवायला घालते. हे माझे पाहुणे. दारातून कुणी उपाशी जाऊ नये." मुंग्या आल्या, एकेक कण उचलून गेल्या. भुवाजीचा चेहरा तेव्हा बदलला. मी मेंढी व्यायला लागली की बाचा असा चेहरा होताना पाहिला आहे. तिच्या कमरेला लोकरीच्या धाग्यांची एक मऊ कुंचली लटकत होती. पुंजणी म्हणतात तिला. बसण्याआधी जमिनीवरचा किडा-मुंगी न दुखवता बाजूला सारायची असते. लोकर बघून मी ओळखीचं माणूस भेटावं तशी म्हटलं, "ही आमचीच असंल! काळ्या मेंढराची न्हाई, ढवळ्याची." भुवाजीनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "असेल," ती म्हणाली. "तुझ्या बापाकडूनच घेतात." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं. ठेवला नाही, पण त्या हाताची ऊब मला लागली.

नंतर सुंदरबाई नि मंगला स्थानकात, त्यांच्या धर्मस्थानी, गेल्या, साध्वींचं प्रवचन ऐकायला. शेठ दुकानात. भुवाजी आतल्या खोलीत तोंडाला पट्टी बांधून आसनावर बसली, समोर वाळूचं घड्याळ ठेवून. दोन घटका ती बोलणार नव्हती, उठणार नव्हती. मी एकटी परसात होते. कोनाड्यात गाडगं होतं. तसंच राहणार होतं ते. उद्या, परवा, मी शाळेत जाऊन आले तरी तिथंच, मेणासकट, आणि एखाद्या दिवशी गडी उचलून उकिरड्यावर नेईल. मला हौशीरामचा तळवा दिसला, आकाशाकडे. सांडला न्हाई न्हवं? मी विचार करत बसले. या घरातली माणसं मध खात नाहीत. पण या घरातले पाहुणे खातात. पिठावर जे इतके धावतात ते मधावर किती धावतील! आणि भुवाजी उठेल, येऊन बघेल, तिच्या मुंग्यांना दिवाळीचं जेवण मिळालेलं बघेल. ठेवता ठेवता राहिलेला हात ती या वेळी ठेवील. अकरा वर्षांच्या डोक्यात किती नीट बसलं होतं हे सगळं! आजही त्यात मला चूक सापडत नाही. मी नखानं मेण काढलं. गाडगं तिरपं केलं आणि भोकाभोवती, भुवाजी सोडत होती तसंच गोल, मध सोडला. मग वाटलं, हात आखडता कशाला. सगळा ओतला. शेवटची तार तुटायला फार वेळ लागला. मी ती बोटानं तोडली, आणि बोट चाटलं नाही, लुगड्याला पुसलं.

मुंग्या आल्या. आधी दोन-चार, मिशा हलवत, विश्वास नसल्यासारख्या. मग ओळी. लिंबाच्या मुळांवरून, भिंतीच्या फटीतून, भोकातून तर उकळी फुटल्यासारख्या. बा मेंढरं मोजतो तशी मी मोजू लागले, वीस वीस करून, आणि सोडून दिलं. मी इतकी खूष होते की उठून आत गेले आणि भुवाजीच्या दारात उंबऱ्याबाहेर बसून त्या वाळूकडे बघत राहिले. वाळू पडत होती. इतकी हळू पडणारी वस्तू मी तोवर मधाशिवाय दुसरी पाहिली नव्हती. शेवटचा कण पडला. भुवाजीनं पट्टी सोडली, वंदन केलं आणि मी तिचा हात धरला. "भुवाजी, चला. दावायचंय." "अगं काय?" "चला तर!" मी तिला हाताला धरून नेलं. हेच मला पुन्हापुन्हा दिसतं. ती स्वतः गेली असती आणि तिला दिसलं असतं तर गोष्ट वेगळी. मी नेलं, ओढत, हसत.

लिंबाच्या बुंध्याशी काळं, चकचकीत, हातभर पसरलेलं काहीतरी होतं आणि ते हलत होतं. सगळं नाही. कडेकडेनं हलत होतं. मध्ये ते थांबलं होतं. वरच्या मुंग्या खालच्यांवरून चालत आत जात होत्या आणि तिथं स्वतःच खालच्या होत होत्या. भोक बुजलं होतं. भुवाजी खाली बसली. मग तिनं पुंजणी सोडली आणि त्या मऊ लोकरीनं एकेक मुंगी उचलायला लागली. लोकर चिकटली, तिच्या जटा झाल्या, मुंग्या त्यात अडकल्या. तिनं लुगड्याचा पदर भिजवला, पदरानं उचलू लागली. मीही हात घातला. "नको," ती म्हणाली. तेवढाच शब्द. रागावून नाही, आणि म्हणून तो मला जास्त लागला. मग ती हात जोडून त्या मुंग्यांसमोर वाकली आणि मला न कळणाऱ्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली. मला वाटलं, शाप देते आहे, मला. सुंदरबाई आल्या, मंगला आली. मंगलानं तोंडावर हात ठेवला. सुंदरबाईंनी गाडगं पाहिलं, मला पाहिलं, आणि भुवाजीला धरून आत नेलं. जाताना म्हणाल्या, "मंगला, हिला बाहेर ओट्यावर बसव." कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे बा ओरडतो, आई पाठीत घालते, आणि मग सगळे जेवायला बसतात. या घरात तसं काहीच होईना. आत दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मंगला येऊन सांगून गेली, "भुवाजीनं तेला घेतला. तीन दिवस अन्न नाही." मी विचारलं, "माज्यामुळं?" मंगला म्हणाली, "मुंग्यांमुळे." आणि आत पळाली.

बा आला तेव्हा त्याच्या हातात माझ्यासाठी नवी पाटी होती, लाकडी चौकटीची. बाजारात लोकर गेली होती, तो खुशीत होता. ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "मग पावणं? ऱ्हातीस का येतीस?" थट्टेनं म्हणाला तो. उत्तर त्याला ठाऊक होतं म्हणून थट्टा. मी म्हटलं, "येती." त्याचा पाटीचा हात तसाच राहिला. सुंदरबाई दारात आल्या होत्या. डोळे लाल होते. "राहा ना ग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "न्हाई." आणि खाली मान घालून उभी राहिले. पहिल्यांदा नाही म्हणायचं. आता दुसऱ्यांदा विचारतील. मी लाजेन. मग तिसऱ्यांदा. गल्लीतून एक बैलगाडी गेली, तिच्या चाकाचा आवाज वेशीकडे जाईपर्यंत मी वाट पाहिली. आतून भुवाजीनं काहीतरी मागितलं आणि सुंदरबाईंची मान तिकडं वळली. बा म्हणाला, "लेकराचं मन न्हाई, शेठानीबाई. राग नगा मानू." त्या म्हणाल्या, "राग कसला," आणि आत गेल्या. शेठ दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होते. त्यांनी हात वर केला. मी गाठोडं घेतलं. कडेवर काही नव्हतं आणि मला नीट चालता येईना.

कुकडी मागं पडली तसं बानं गाढव पुढं घातलं. मग म्हणाला, "कुनी काय बोललं का?" "न्हाई." "उपाशी ठेवलं?" मी जरा थांबून म्हटलं, "न्हाई." "मग?" "करमलं न्हाई." त्यानं पाटी गाढवावरच्या रिकाम्या गोणीत घातली. "बरं झालं," थोड्या वेळानं म्हणाला, "तुज्या आयेला भाकरी थापाया हात झाला." पण बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. सोमवारी आम्ही घरी पोचलो. हौशीराम ओसरीवर पाय पसरून पडला होता, कामट्या बांधलेला. मी परत का आले हे त्यानं विचारलंच नाही. त्याला दुसरंच विचारायचं होतं. "मध आवडला का ग त्यांना?" मी त्याच्या पायाकडे बघितलं. "लई," मी म्हटलं. "शेठानीनं बोट घालून चाटला. शेठ म्हनला, असा मध उभ्या जल्मात खाल्ला न्हाई." त्याचं तोंड अजून सुजलेलं होतं, त्या सुजेत हसू मावेना. "मी म्हनलं नव्हतं?" तो आईला म्हणाला. मंगळवारी वाडा हलला.

पाटी कोकणात फुटली. सावळेराम मास्तर दोन वर्षांनी बदलून गेले; जाताना माझ्यासाठी तीन पुस्तकं ठेवून गेले, ती मी वाचली, आणि वाचण्याचं तेवढं एक व्यसन मला जन्मभर पुरलं. माझं लग्न सोमाजीशी झालं. तो मेंढरं विकून पुण्यात आला, घोड्यांच्या पागेत लागला, चांगलं नांदवलं त्यानं मला, आणि बेचाळीस साली गेला. बा त्याआधीच, प्लेगात. आई पुष्कळ जगली. पोपटलाल शेठ नि सुंदरबाई कधी गेली ते मला मंगलाकडून कळलं. एकोणीसशे एकेचाळीसच्या सुमाराला ती मला ओतूरच्या बाजारात भेटली. तिथंच दिली होती तिला. मंगलाबाई झाली होती, जाड, सुनांची सासू. मी नाव सांगितलं तर तिनं भर दुकानात माझे दोन्ही हात धरले. "अगं, तू रागावून गेलीस त्या दिवशी! आई म्हणायची, मी राहा म्हटलं, पोर नाही म्हणाली, जबरदस्ती कशी करायची." मी विचारलं, भुवाजी? "भुवाजीनं बुधवारी पारणं केलं आणि आधी विचारलं, पोरगी शाळेत गेली का? आम्ही सांगितलं, गेली परत. तर म्हणाली, मी तर तिला एक शब्द बोलले नाही. मी मुंग्यांची क्षमा मागत होते, पाप माझ्या दारात झालं म्हणून. तिच्यावर कशाला रागवीन? तिनं तर माझ्या पाहुण्यांना वाढलं." मंगला सहावीनंतर शाळेतून निघाली होती. सोबत नव्हती म्हणून. भुवाजी पुढं सात वर्षं जगली. रोज पीठ घालायची, पण लिंबाच्या बुंध्याशी नाही. तिथं मुंग्या पुन्हा आल्याच नाहीत.

हौशीराम लंगडा राहिला. वाड्याबरोबर चालणं त्याला जमेना, म्हणून त्यानं गावात शेती केली, बरी केली. ज्याला त्याला तो सांगायचा, जावयांना, तलाठ्याला, ओसरीवर टेकलेल्या कुणालाही, की हा पाय फुकट गेलेला नाही, जुन्नरच्या शेठच्या घरी माझा मध बोटानं चाटून खाल्लाय, इचारा गजरीला. मला विचारायची कुणाला गरज वाटत नसे. अठ्ठावन्न साली तो आजारी पडला तेव्हा मी महाळुंग्याला गेले. त्याला माणसं ओळखू येत नव्हती, मला ओळखलं. मला जवळ बोलावून, लहानपणी बोलायचा तसा हळू म्हणाला, "गजरे, खरंच आवडला व्हता का ग त्यांना?" मी म्हटलं, "लई." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि मला वाटलं आता पुन्हा विचारील. मी वाट पाहिली. आमच्यात पहिलं उत्तर रीतीचं असतं, दुसरं लाजेचं, खरं ते तिसऱ्यांदा विचारल्यावर. त्यानं डोळे मिटले. दोनदाच विचारलं त्यानं.